गोपनीय म्हणजे गडप नव्हे

दत्तकाबद्दलचा एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. दत्तक झालं की फाइल कायमची सीलबंद, मुलाला ती जन्मात दिसत नाही, ही गोपनीयता म्हणजे दत्तक देणाऱ्या संस्थांनी आपले उद्योग झाकायला केलेली सोय, म्हणून सगळ्या नोंदी लोकांसाठी खुल्या करा. शेवटी शेपूट: अनाथ मुलांचे फोटो शेअर करा, घर लवकर मिळेल. पुढे पाठवणाऱ्यांचा कळवळा खरा असेल. मजकूर बहुतांशी खोटा आहे.

‘फाइल कायमची बंद.’ नाही. दत्तक नियमावली २०२२ मध्ये ‘रूट सर्च’ची, म्हणजे आपली मुळं, आपले जन्मदाते शोधण्याची तरतूद आहे. अठरा वर्षं पूर्ण केलेली दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याहून लहान असेल तर दत्तक आईवडिलांसोबत. संस्थेपासून ‘कारा’ या केंद्राच्या दत्तक प्राधिकरणापर्यंत सगळ्यांनी तिला मदत करायची आहे. जन्मदात्यांनी बाळ सोपवताना ‘आमचं नाव सांगू नका’ असं म्हणून ठेवलं असेल, तर आधी त्यांची लेखी संमती लागते. ते नाही म्हणाले किंवा सापडलेच नाहीत, तरी बाळ कोणत्या परिस्थितीत सोपवलं हे सांगावंच लागतं. म्हणजे नाव मिळेलच असं नाही, हकीकत मिळते. तिऱ्हाइताने परस्पर शोध घ्यायला मात्र मनाई आहे.

‘गोपनीयता संस्थेच्या सोयीसाठी.’ फाइलमध्ये असतं काय ते आधी बघू. बाळाची पार्श्वभूमी सांगणारा अहवाल, वैद्यकीय तपासणी, आणि निराधार मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीचे आदेश. आणि बाळ जन्मदात्यांनी स्वतःहून सोपवलेलं असेल तर समितीसमोर सही झालेला कागद. त्यावर एखाद्या अविवाहित मुलीचं नाव-गाव असतं. निर्णय फिरवायला कायदा तिला दोन महिने देतो, त्यानंतर ती आपल्या घरी, आपल्या आयुष्यात परत गेलेली असते. हा कागद ‘लोकांसाठी खुला’ केल्यावर तो पहिल्यांदा कोण उघडेल? संस्थेचा भ्रष्टाचार शोधणारा पत्रकार, की तिच्या गल्लीतलं कुणी?

म्हणूनच सोपवलेल्या बाळाची जाहीर नोटीस काढता येत नाही. टाकून दिलेल्या बाळाचं नेमकं उलट: वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापायचा असतो, कारण तिथे आईवडील शोधायचे आहेत. आतल्या पानावरचा तो चौकोन तुम्हीही पाहिला असेल, धूसर फोटो आणि खाली अंदाजे वय. कायदा आंधळेपणाने झाकत नाही, कुणाला काय दिसावं ते ठरवतो. संस्थेवर नजर ठेवायची ज्यांची जबाबदारी, त्या समितीकडे आणि काराकडे कागद असतातच. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यांच्यासमोरही ते येतात. सुनावणी बंद दाराआड होते, पण होते.

आता मजकुराच्या बाजूने एक गोष्ट. एखाद्या कार्यालयाने दत्तक व्यक्तीलाच ‘गोपनीय आहे’ म्हणून वाटेला लावलं, तर तो नियमाचा उघड गैरवापर आहे, तिथे भांडलंच पाहिजे. एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाच्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. त्याचं ३० वं कलम मुलाच्या मुळांची माहिती जपून ठेवायला सांगतं. कागद जपलेच नसतील तर गोपनीयता कशाची? पण त्यावर उपाय फाइल गावभर करणं हा नाही. ज्याची आहे त्याला ती मिळाली पाहिजे.

‘फोटो शेअर केल्याने काय बिघडतं?’ सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही परस्पर उघड करायला बंदी आहे, आणि ती फक्त वर्तमानपत्रांपुरती नाही.

मे २०२१ आठवा. तान्ह्या मुलींचे आईवडील करोनाने गेले, दत्तक हवं असेल तर या नंबरवर फोन करा, अशा अर्थाचे मेसेज तेव्हा घरोघरी पोहोचले होते. नंबरावरून मूल देणं हे दत्तक नव्हेच, बेकायदा व्यवहार आहे. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा दत्तकांवर कारवाई करायला सांगितलं, आणि मुलांची ओळख उघड करून त्यांच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्यांनाही आवरायला सांगितलं. त्या मेसेजमधले फोटो खरे होते की कुठून उचललेले, हे पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिलं?

खरंच एखादं मूल निराधार झालं असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा. तिथे फोटो लागत नाही.