तिच्या नकारामागे उभा असलेला देव

इंग्लंडच्या रीजन्सी काळात घडणाऱ्या ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या मी मनापासून वाचते. त्यांना ‘सोवळ्या कादंबऱ्या’ म्हणणाऱ्या मैत्रिणींशी या एका विषयावर माझं कधीच पटत नाही. त्यांचं म्हणणं, नाचाचे बॉल आहेत, बग्ग्या आहेत, झगे आहेत, पण शेवटच्या प्रकरणापर्यंत साधं चुंबन नाही. मग उरलं काय?

मला वाटतं, खरी गोष्ट उरली.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. १८११ मध्ये राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे राज्यकारभार करू शकेना, म्हणून युवराज रीजंट, म्हणजे त्याच्या वतीने कारभार पाहणारा झाला. १८२० मध्ये राजा वारला आणि रीजन्सी संपली. बाहेर नेपोलियनशी लढाई, घरात मुलींच्या लग्नाची घाई. लग्न झालं की बाईची कमाई आणि दागिने कायद्याने नवऱ्याचे. एकविसाच्या आत लायसन्सवर, म्हणजे चर्चच्या परवान्यावर लग्न करायचं तर वडिलांची संमती हवी. म्हणून तर पळून जाणारी जोडपी स्कॉटलंडमधलं ग्रेटना ग्रीन गाठायची. पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटात स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे, आणि तेवढा पैसा फार थोड्यांकडे होता. अशा काळात चांगल्या घरातल्या मुलीने श्रीमंत स्थळ नाकारलं तर पुढे काय? कुणाच्या तरी घरी मुलांना शिकवणारी गव्हर्नेस व्हायचं, नाहीतर जन्मभर भावाच्या घरी उपकाराखाली राहायचं.

आता या कादंबऱ्यांतली नायिका काय करते ते पाहा. चर्च ऑफ इंग्लंडच्या विवाहविधीत वधूला देवासमोर शपथ घ्यावी लागे की मी या पुरुषाची आज्ञा पाळीन. ही मुलगी ती शपथ खरी मानते. आणि खरी मानते म्हणूनच कुणासमोरही घ्यायला तयार होत नाही! ज्याची आज्ञा पाळायचं वचन देवाला द्यायचं, तो माणूस आधी पारखायला नको? बापाकडे यावर उत्तर नसतं. तोही दर रविवारी त्याच चर्चमध्ये त्याच देवापुढे गुडघे टेकत असतो. कायद्याने तिला जे दिलं नाही, ते तिची श्रद्धा देते: नाही म्हणायला पायाखाली जमीन. मी ख्रिस्ती नाही, पण बादशहाचं बोलावणं आल्यावर विठ्ठलाच्या पायाशी गेलेल्या कान्होपात्रेची कथा ऐकत मोठी झाले आहे. मला ही मुलगी परकी कशी वाटेल?

नायकाचंही तसंच. तो बहुतेक वेळा जुगारात घर गहाण टाकलेला, नाहीतर युद्धावरून मनाने मोडून आलेला असतो. तो तिला आवडतो, हे आपल्याला तिसऱ्या प्रकरणातच कळतं. उत्कंठा वेगळीच असते: हा माणूस खरंच बदललाय का, आणि तिने त्याच्यावर विश्वास टाकावा का? चांगली लेखिका त्याला देणी फेडायला लावते, ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात नेऊन उभं करते. वाईट लेखिका एका प्रवचनात त्याला संत करून टाकते. अशी पुस्तकंही पुष्कळ आहेत आणि ती मला अजिबात आवडत नाहीत. क्षमा इतकी स्वस्त झाली की प्रेमही स्वस्त होतं.

आणखी एका गोष्टीबद्दल मी फार कडक आहे. त्या काळातल्या कित्येक मोठ्या घरांचा पैसा वेस्ट इंडीजच्या साखरेतून, म्हणजे गुलामांच्या घामातून यायचा. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, पण मळ्यांवरची गुलामगिरी संपवणारा कायदा व्हायला १८३३ साल उजाडावं लागलं. म्हणजे अख्खी रीजन्सी या दोहोंच्या मध्ये येते. ज्यांनी हा लढा पुढे नेला त्यांत खासदार विल्यम विल्बरफोर्स आणि लेखिका हॅना मोर यांच्यासारखे धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते. त्याआधी १७९० च्या दशकात इंग्लंडमधल्या असंख्य बायकांनी घरात ही साखर आणणंच बंद केलं होतं. श्रद्धा स्वयंपाकघरापर्यंत पोचल्याचं याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार? म्हणून नायिका पानोपानी प्रार्थना करते, पण नवऱ्याच्या हवेलीचा पैसा कुठून आला हे एकदाही विचारत नाही, अशी कादंबरी मी अर्ध्यावर मिटते. जी विचारते, तिच्यासाठी मी रात्रभर जागते.

कुणी वाचत असाल तर नावं सांगा. मला हव्या आहेत.