गुलदार आणि खुकरी

स्कॉटलंडमधल्या आमच्या ऑर्कनी बेटांवर, कर्कवॉलच्या सेंट मॅग्नस कॅथीड्रलमध्ये, 'रॉयल ओक' या ब्रिटिश युद्धनौकेची घंटा आहे आणि सोबत मृतांच्या नावांची वही. दर आठवड्याला तिचे एक पान उलटतात. १३-१४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री जर्मन पाणबुडीने इथल्या स्कापा फ्लो या नौदल तळाच्या खाडीत शिरून ही नौका बुडवली, त्यात ८३५ जण गेले. ती आजही जवळजवळ उलटी होऊन तळाशी पडली आहे; टाक्यांतले तेल कित्येक वर्षे झिरपत होते, ते उपसावे लागले. १९८६ च्या कायद्यानुसार तिथे परवान्याशिवाय बुडी मारता येत नाही. वर्षातून एकदा नौदलाचे पाणबुडे खाली जातात आणि ध्वज बदलून येतात.

त्याच पाण्यात जर्मन नौकांचे अवशेषही आहेत. पहिल्या महायुद्धानंतर इथे अडकवून ठेवलेल्या स्वतःच्या ७४ नौकांपैकी ५२ जर्मनांनी २१ जून १९१९ रोजी बुडवल्या; उरलेल्या सात मोठ्या सांगाड्यांवर जगभरचे हौशी पाणबुडे उतरतात, आणि इथे कोणाला त्यात गैर वाटत नाही, कारण नौका बुडण्याआधी बहुतेक खलाशी होड्यांतून उतरले होते.

सिंधुदुर्गात निवती रॉक्सजवळ भारतीय नौदलाची निवृत्त युद्धनौका 'गुलदार' बुडवून समुद्राखालचे संग्रहालय करण्याच्या योजनेवरून आमच्या घरच्या गटात वाद पेटला, तेव्हा मला हेच आठवत होते. मालवणचा मामेभाऊ म्हणतो, पोरांना गावातच काम मिळेल. काका म्हणतात, युद्धनौकेचे खेळणे करू नका. मी भावाच्या बाजूने आहे. रिकाम्या, निवृत्त नौकेवर प्रवाळ वाढावे, माणसे तिथे जावीत, यात अपमान नाही.

काकांची कळकळ मात्र खरी आहे, फक्त ती दुसऱ्या नौकेसाठी हवी. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवसमोर 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने भारतीय युद्धनौका 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले; कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. दीवला स्मारक आहे, पण आपल्या १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याला वास्तू किमान शंभर वर्षे जुनी लागते, म्हणजे खुकरी २०७१ पर्यंत त्यात बसतच नाही. वयाची अट न घालता, लढाईत बुडालेल्या नौकांना नावानिशी समाधीस्थळ ठरवणारी तरतूद हवी, आणि गुलदारच्या संग्रहालयात पहिल्याच भिंतीवर ती १९४ नावे लागावीत. ही मागणी मी मामेभावाकडे केली आहे. काकांनी तिला लगेच होकार दिला.