दोन्ही बदामाची!

पोकरमध्ये वाईट पाने ही माझी अडचण कधीच नव्हती. सत्ती-दुर्री आली की ती टाकून देण्याइतके शहाणपण माझ्याकडे आहे. माझा घात करतात ती मधली पाने. खेळावीत इतकी चांगली नाहीत आणि टाकावीत इतकी वाईटही वाटत नाहीत, अशी. टेक्सास होल्डेम या पोकरच्या रूपात हाती येणाऱ्या सुरुवातीच्या दोन पानांचे १६९ प्रकार होतात, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक या ना त्या कारणाने माझ्या मनात भरतात.

परवा अंगठ्याने पानांचे कोपरे अलगद वाकवून पाहिले, तर एकात एक्का दिसला आणि दुसऱ्यात चव्वी. बड्या माणसाच्या ओळखीवर आत शिरलेल्याच्या थाटात ती चव्वी एक्क्याला चिकटून बसली होती. फ्लॉपवर, म्हणजे मध्ये सर्वांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, आणखी एक एक्का आला, मी खुशीत चिप्स सरकवत राहिलो आणि समोरून एक्का-राजा निघाला. एक्क्यांची जोडी दोघांचीही, पण माझ्या चव्वीपुढे त्याचा राजा भारी. एक्का आलाच नसता, तर मी थोडक्यात सुटलो असतो.

दुसरा मोह ‘दोन्ही बदामाची आहेत’ हा. हाती दोन बदाम असले तरी फ्लॉपवरच फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने, जमण्याचा योग साधारण ११९ वेळांत एकदा येतो, आणि दोन्ही पाने एका चिन्हाची असल्याने जिंकण्याची शक्यता वाढते ती जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी. हे आकडे मला तोंडपाठ आहेत. फक्त पाने पिसली जात असतानाच आठवतात, वाटून झाल्यावर नाही.

जाणकार म्हणतात, पानांआधी आपली जागा पाहावी. डीलरचे बटण, म्हणजे वाटणाऱ्याची जागा दाखवणारी चकती, ज्याच्यापुढे असते, तो फ्लॉपनंतर सर्वांचे ऐकून शेवटी बोलतो, म्हणून इतरांनी माघार घेतली असेल तर तिथून अठ्ठी-सत्तीही खेळता येते. सर्वांत आधी बोलायचे असेल, तर राजा-दश्शीसुद्धा निमूटपणे टाकावी. मला हे शंभर टक्के पटते, पण बटण कोठे आहे हे मी ‘कॉल’ म्हणून, म्हणजे समोरच्याइतक्या चिप्स लावून, झाल्यावर शोधतो.

शेवटी काल निग्रह केला आणि दोन तास पाने नुसती टाकत बसलो. मग, सरासरी २२१ डावांत एकदाच येते ती एक्क्यांची जोडी हाती आली. मी शांतपणे रेझ केली, म्हणजे बोली वाढवली, आणि सर्वांनी एकसाथ पाने टाकली. “तुम्ही खेळताय म्हणजे एक्केच असणार,” शेजारचे गृहस्थ आदराने म्हणाले. मी ब्लाइंडच्या, म्हणजे पाने पाहण्याआधीच सक्तीने लावाव्या लागणाऱ्या, दोन-चार चिप्स गोळा केल्या.

पुढच्या डावात नव्वी आणि तिर्री आली. दोन्ही बदामाच्या होत्या.