फुकटचा प्रोग्राम विकायला काढताय? मग असं करा

तुमचा जीपीएलखालचा (कोणीही वापरा, बदला, वाटा, पण देताना सोर्स कोडही त्याच अटींवर द्या, असं हे लायसन्स) हिशेबाचा प्रोग्राम इंदूरच्या सीतलामाता बाजारापासून सराफ्यापर्यंत गल्ल्यागल्ल्यावर चालतो आणि तुमच्या पदरात दिवाळीला मिठाईचा डबा पडतो. आता पैसे करायचं ठरलंच आहे, तर व्यवस्थित करा.

आधी रातोरात लायसन्सची फाइल बदला. विकायला जीपीएलची मुळीच मनाई नाही, असं कोणी सांगू लागलं तर कानाडोळा करा. सोर्स गिऱ्हाइकाला द्यायचा म्हटल्यावर विकण्यात मजा ती काय!

पॅच, म्हणजे कोडातल्या दुरुस्त्या, पाठवणाऱ्यांकडून हक्कांचा करार लिहून घेतला नसेलच. छान. म्हणजे ज्याचा त्याचा कॉपीराइट त्याच्याकडेच. लायसन्स बदलायला एकेकाची संमती हवी, नाहीतर त्याचा कोड काढून नव्याने लिहायला हवा. म्हणून गिटचा शॉर्टलॉग, म्हणजे कोड कोणाकोणाचा याची यादी, बघूच नका. बघितलात तर तोळा ११.६६ ग्रॅमचा की बाजारचालीचा १० चा, हा घोळ मिटवणारा पोरगा सापडेल. त्याचा कॉलेजचा ईमेल कधीच बंद झालाय. ओळी जेमतेम चाळीस, पण सराफ्यातल्या प्रत्येक पावतीचं वजन त्यांतूनच जातं.

दुहेरी लायसन्सही असतं: तोच कोड सगळ्यांना जीपीएलखाली, कंपन्यांना पैसे घेऊन वेगळ्या अटींवर. आपल्या सराफ्यासारखंच, दिवसा सोनं, रात्री भुट्ट्याचा कीस. पण त्यालाही सगळे हक्क एका हाती लागतात. सोडा.

जुन्या आवृत्त्या सर्व्हरवरून पुसून टाका. ज्यांनी आधीच उतरवून घेतल्या त्यांचा जीपीएलचा हक्क जात नाही, पण तुम्हाला झोप तरी लागेल. सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्मचं खुलं लायसन्स ऑगस्ट २०२३ मध्ये बदललं, सप्टेंबरात त्याचा फोर्क, म्हणजे जुना कोड घेऊन दुसऱ्यांनी काढलेली वेगळी शाखा, ओपनटोफू लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली उभा. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये तेच केलं, महिना संपायच्या आत त्याचा फोर्क व्हॅल्की हजर. मे २०२५ मध्ये रेडिस एजीपीएलचा, म्हणजे जीपीएलच्याच भावंडाचा, पर्याय घेऊन परत आलं. त्यांच्याकडे वकिलांची फौज होती, तुमचं निभावेल.

प्रोग्रामचं नाव मात्र ट्रेडमार्क म्हणून नोंदवू नका. सॉफ्टवेअरचा वर्ग ९, ऑनलाइन अर्ज, एकट्या माणसाला ४,५०० रुपये, उगाच खर्च. फोर्कवाल्याला कोड नेता येतो, नोंदवलेलं नाव नाही. पण एवढा आडमुठेपणा बरा दिसत नाही.

राहिलं जीएसटीचा फॉर्म बदलला की अपडेट देणं, जुना डेटा चढवून देणं, ३१ मार्चच्या रात्री दुकानदाराचा फोन उचलणं. याचे लोक दरसाल कुरकुर न करता पैसे मोजतात. असली हमाली फोर्कवाल्यांना करू द्या.