बिलावर 'देवगड' मी लिहिलं होतं

एप्रिल उजाडला की आमच्या रत्नागिरीकडच्या आंबेवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतो. आशय असा: मुंबईच्या गिऱ्हाइकाला देवगडचा हापूस आणि कर्नाटकचा आंबा यातलं काही कळत नाही, एकाच्या नावाखाली दुसरा सगळेच मिसळतात, आणि खरं बोलणारा बागायतदार शेवटी कर्जात बुडतो. यंदा तो मला भावकीतूनच आला, म्हणून हे उत्तर.

गिऱ्हाइकाला कळत नाही, हे पुष्कळदा खरं आहे. कापल्याशिवाय फळाची पारख नाही, म्हणून तर तो पेटीवरच्या नावाला पैसे मोजतो. हापूस हे नाव २०१८ साली भौगोलिक मानांकनात, म्हणजे ठरावीक भागाच्या मालासाठी राखलेल्या नावांत, नोंदलं गेलं ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी. खोटं मानांकन लावणाऱ्याला कायद्यात ६ महिने ते ३ वर्षं कैद आहे. कर्नाटकच्या शेतकऱ्याशी माझं भांडण नाही. त्याचा आंबा त्याच्या नावाने आला तर मी आवडीने खाईन.

'सगळेच करतात' या शब्दांची मात्र मला चीड आहे, कारण एक हंगाम मी वाशीला एका गाळ्यावर बिलं लिहायला होतो. रात्री कर्नाटकचा ट्रक उतरायचा आणि देवगडचं नाव छापलेले खोके उघडले जायचे. शेट कधीच 'फसवा' म्हणाला नाही. तो एवढंच म्हणायचा, "सकाळपर्यंत दोनशे पेट्या तयार पाहिजेत." हमालाने माल उतरवला, बायांनी पेंढा घालून फळं भरली, पोराने पट्टी मारली. जो तो आपापलं काम करत होता, त्यामुळे आपण खोटं करतोय असं कोणाला वाटतच नव्हतं. मलाही नाही. पण बिलावर 'देवगड' लिहिलेलं अक्षर माझं होतं. 'सगळे' म्हणजे कोण, ते मी तिथे पाहिलं. शेटच्या एका 'नाही'ने ते थांबलं असतं, आणि माझ्या 'नाही'ने निदान माझ्यापुरतं.

आंबा झटपट पिकवायच्या कार्बाइड या रसायनाबद्दलही हेच म्हणतात, 'सगळेच वापरतात'. इथिलीन वायूच्या खोलीत फळ पिकवायला परवानगी आहे, कार्बाइडला बंदी आहे, आणि पेंढ्यात आंबे पिकवायची अढी तर आजीच्या काळापासून घरात आहे.

एकाच्या हयगयीने किती जण भरडले जातात, ते २०१४ साली दिसलं. काही मालात फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मेपासून भारतीय आंबाच बंद केला. तिथे फसवणूक नव्हती, तपासणीतली ढिलाई होती. तरी ज्याच्या पेटीत माशी नव्हती त्याचाही तो हंगाम गेला. बंदी उठवायचं ठरलं ते जानेवारी २०१५ मध्ये.

राहिलं कर्ज. बागायतदार बुडतो तो अवकाळी पावसाने, मोहोरावरच्या थ्रिप्स किडीने, फवारणीच्या खर्चाने. खरेपणाचाही खर्च असतो, हे मान्य. साका, म्हणजे आतला गर खराब होणं, बाहेरून दिसत नाही, विकणाऱ्यालाही नाही. आमच्या शेजारचे काका प्रत्येक पेटीत चिठ्ठी घालतात: साका निघाला तर कळवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत जास्त येतील. त्यात दरवर्षी त्यांचे पैसे जातात, मी त्यांची वही पाहिली आहे. त्याच वहीत पुढच्या पानावर ठाण्या-पुण्याच्या गिऱ्हाइकांची नावं आहेत. मोहोर येण्याआधीच त्यांनी फोन करून पेट्या सांगून ठेवलेल्या असतात, आणि त्यातल्या एकानेही अजून भाव विचारलेला नसतो.