पायंडा पडू दे, मामा

भाचीच्या लग्नाला पुण्यातल्या एक पुरोहितबाई ठरल्या आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲपवर दोन दिवस वाद पेटला. शेवटी मोठ्या मामांनी तोड काढली, "बाई विदुषी आहेत, त्यांचं चालेल. पण पायंडा नको." सगळ्यांना पटलं. इथे लंडनमध्ये ते वाचताना माझ्या मात्र पोटात कालवलं.

माझं ऑफिस सिटी रोडजवळ. दुपारी मी बनहिल फील्ड्स या जुन्या दफनभूमीतल्या बाकावर डबा उघडते. तिथे सुझाना वेस्लीची कबर आहे आणि रस्त्यापलीकडे तिच्या मुलाचं, जॉनचं, चर्च. ख्रिस्ती धर्मातला मेथडिस्ट पंथ जॉनने उभा केला खरा, पण १७११-१२च्या हिवाळ्यात तो आठ वर्षांचा असताना त्याने घरात काय पाहिलं? वडील पाद्री, ते लंडनला गेलेले. एपवर्थच्या घरी आई रविवारी संध्याकाळी मुलांना, नोकरांना प्रवचनं वाचून दाखवायची. शेजारी येऊ लागले, आकडा २००वर गेला. बदली पाद्र्याने तक्रार केली, नवऱ्याने बंद कर म्हणून लिहिलं. तिने उलट कळवलं: नुसती इच्छा नको, स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे देवापुढे जाब द्यायची वेळ आली तर दोष माझ्यावर येणार नाही. हे उत्तर मला तोंडपाठ आहे.

अशा आईच्या मुलाने पुढे काय केलं, ते मामांनी ऐकावं. १७६१मध्ये डर्बी शहरात त्याच्या पंथातल्या सारा क्रॉस्बीसमोर अचानक २००च्या आसपास माणसं जमली आणि ती बोलली. जॉनने तिला चूक म्हटलं नाही, पण लोकांना सांग म्हणाला, मेथडिस्ट स्त्री-उपदेशक मानत नाहीत. १७७१मध्ये पंथातल्याच मेरी बोझनकेटने बायबलचे दाखले देत त्याला गाठलं, तेव्हा त्याने मान्य केलं की तिला देवाची असाधारण हाक आली आहे. म्हणजे मामांचंच वाक्य. अमुक बाई असाधारण, बाकीच्यांना नियम तसाच.

जॉन १७९१मध्ये गेला. १८०३मध्ये मेथडिस्टांच्या मँचेस्टरच्या परिषदेने ठरवलं की बाईला असाधारण हाक आली असली तरी तिने फक्त बायकांपुढे बोलावं, तेही परवानगी काढून. मेरी मेडली गावात मरेपर्यंत, १८१५पर्यंत, उपदेश करत राहिली. पण मागून येणाऱ्यांची वाट अडली. पंथातून फुटलेल्या काही शाखांनी बायकांना व्यासपीठ दिलं. ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चने मात्र बायकांना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली ती १९७४मध्ये.

इंग्लंड पुढे आणि आपण मागे, असं मला म्हणायचं नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत बायका कित्येक वर्षं पौरोहित्य शिकताहेत, लग्नं लावताहेत. म्हणून तर हा 'पण' जास्त बोचतो.

मामा, धाकटीच्या लग्नाला त्याच बाईंना फोन करा, नाहीतर त्यांच्या एखाद्या विद्यार्थिनीला. विदुषी आहात का, असं विचारू नका. गुरुजींना विचारतो तेवढंच विचारा: मुहूर्ताला मोकळ्या आहात का, आणि दक्षिणा किती?