मोठी गोळी, मोठा खड्डा? पोलादी लक्ष्यांविषयीच्या काही समजांचा प्रतिवाद

नेमबाजीत रस असणाऱ्यांमध्ये एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा सारांश असा: काडतुसाचे कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास, जितके मोठे तितकी त्याची गोळी पोलादात खोल शिरते, पोलादी पाटीवर उमटलेला खड्डा हे काडतुसाच्या ताकदीचे खरे माप असते, पाटी जोरात हलली तर गोळीने जास्त काम केले असे समजावे, भोकाच्या कडा गुळगुळीत दिसतात त्या उष्णतेने पोलाद वितळल्यामुळे, आणि मऊ शिशाच्या गोळीने कठीण पाटीचे काही बिघडत नाही. या प्रत्येक विधानाला डोळ्यांना दिसणाऱ्या कशाचा तरी आधार आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. जसेच्या तसे खरे मात्र त्यांपैकी एकही नाही.

कॅलिबरचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलेल्या .४५-७० काडतुसाची ४०५ ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमची, शिशाची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ४०० मीटर वेगाने बाहेर पडते. ५.५६ मिलिमीटरच्या एम १९३ काडतुसाची गोळी ५५ ग्रेनची, जेमतेम साडेतीन ग्रॅमची; पण २० इंची नळीतून तिचा वेग ९९० मीटरच्या आसपास असतो. ऊर्जेचा हिशेब केला तर जुनी जाडजूड गोळीच पुढे आहे: तिची सुमारे २,१०० ज्यूल, तर लहान गोळीची १,७५०. तरीही दहाएक मिलिमीटर जाडीच्या साध्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलाद) पाटीवर जवळून मारा केला, तर आरपार जाते ती लहान गोळी. मोठी गोळी पसरट खळगा आणि शिशाचा करडा डाग एवढेच मागे ठेवते. म्हणजे कॅलिबर तर नाहीच, पण एकूण ऊर्जाही इथे निर्णायक ठरत नाही.

निर्णायक ठरतो तो आघाताच्या जागी निर्माण होणारा दाब. एवढ्या वेगाने आदळणारे शिसे घन पदार्थासारखे टिकून राहत नाही, ते द्रवासारखे वाहू लागते, आणि अशा प्रवाहाचा दाब घनता गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन या सूत्राने अंदाजता येतो. या सूत्रात गोळीचा व्यास कुठेही नाही आणि वेग मात्र वर्गात आहे, हीच खरी मेख. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट धरली तर सेकंदाला ४०० मीटर वेगाला सुमारे ०.९ गिगापास्कल (दाबाचे एकक) दाब मिळतो, ९९० मीटरला मात्र साडेपाच गिगापास्कल. दुसऱ्या बाजूला ब्रिनेल काठिण्य हेही मुळात दर चौरस मिलिमीटरमागे किती किलोग्रॅमचा भार पेलला जातो याचेच माप आहे. त्यामुळे ५०० ब्रिनेलचे पोलाद सुमारे ४.९ गिगापास्कलपर्यंत ठसा उमटू देत नाही, तर १२० ब्रिनेलच्या आसपासचे एमएस १.२ गिगापास्कललाच दबू लागते. शिशाच्या दाबाचे सूत्र आणि ४.९ गिगापास्कलची ही मर्यादा शेजारी ठेवली की ५०० ब्रिनेलच्या कठीण पाटीवर खड्डा पडू लागण्याचा वेग सेकंदाला ९३० मीटरच्या जवळपास निघतो. हिशेब ढोबळ आहे, कारण त्यात तांब्याचे आवरण नाही आणि आदळण्याच्या पहिल्या क्षणाचा धक्काही नाही. पण पोलादी लक्ष्यांचे उत्पादक आघाताच्या वेगाची जी मर्यादा सहसा सांगतात, ती सेकंदाला ३,००० फूट, म्हणजे ९१५ मीटर, आहे. कागदावरचे गणित आणि मैदानावरचा अनुभव इतके जवळ येण्याचे प्रसंग फार नसतात.

याच कारणाने एम १९३ ची गोळी अगदी जवळून कठीण पाटीवर खड्डा पाडते आणि १०० मीटरवर, वेग ९०० च्या खाली आल्यावर, त्याच पाटीवर नुसता रंग उडवते. .१७ रेमिंग्टन या काडतुसाची २५ ग्रेनची इवलीशी गोळी तर सेकंदाला १,२०० मीटरहून अधिक वेगाने निघते. तिची ऊर्जा वरच्या दोन्ही गोळ्यांपेक्षा कमी असूनही तिचे जवळून उमटलेले खड्डे पाहण्यासारखे असतात. खड्ड्याला ताकदीचे माप मानणाऱ्याने मग ही गोळी .४५-७० पेक्षा ताकदवान आहे असे म्हणायला हवे, आणि तसे कोणी म्हणत नाही.

पाटी हलण्याचा मुद्दा वेगळ्या भौतिक राशीचा आहे. टांगलेली पाटी किती झोका घेईल हे गोळीच्या संवेगावर, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यावर, अवलंबून असते, त्या हिशेबात .४५-७० ही एम १९३ च्या तिप्पट भरते. मेक्सिकोत उगम पावलेल्या धातूच्या आकृत्यांच्या नेमबाजीत हा फरक थेट गुणांत उतरतो. तिथे कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३०० वर, टर्की ३८५ वर आणि मेंढा ५०० मीटरवर उभा असतो, आणि आकृती आधारावरून पडली तरच गुण मिळतो. हलक्या, वेगवान गोळीचा नेम अचूक लागूनही जड मेंढा जागचा हलत नाही, हे त्या खेळातले जुने दुखणे आहे. थोडक्यात, झोका आणि खड्डा ही दोन वेगळ्या राशींची मापे आहेत, आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

वितळण्याची गोष्ट आकड्यांपुढे टिकत नाही. खोलीच्या तापमानाचे एक ग्रॅम पोलाद वितळवायला साधारण १,२०० ते १,३०० ज्यूल लागतात. एम १९३ च्या गोळीची सगळीच्या सगळी ऊर्जा पोलादात उतरली तरी दीड ग्रॅमही वितळणार नाही, आणि १० मिलिमीटर जाडीच्या पाटीतले सात मिलिमीटरचे भोक म्हणजे तीन ग्रॅम पोलाद. शिवाय बरीचशी ऊर्जा तुकड्यांबरोबर उडून जाते. गुळगुळीत कडा आणि भोकाभोवतीची उंचावलेली किनार दाबाखाली घन अवस्थेतच सरकलेल्या धातूची असते.

पाटीवर ५०० लिहिले आहे म्हणून ती सर्वत्र तेवढीच कठीण असते, असेही नाही. हे काठिण्य तापवून झटकन थंड करण्याच्या प्रक्रियेतून येते. गॅसने कापलेली कड किंवा वेल्डिंगची जागा पुन्हा तापलेली असल्यामुळे मऊ पडते. एकाच पाटीवर दहा काडतुसे आजमावणाऱ्या तुलनेत कोणती गोळी कुठे आणि किती अंतरावरून लागली हे सांगितलेले नसेल, तर त्या तुलनेतून फारसे काही कळत नाही.

राहिला मऊ शिशाचा प्रश्न. वेग मर्यादेत असेल तर शिशाच्या गोळीने पाटीचे काही बिघडत नाही हे खरेच; मर्यादा ओलांडल्यावर मात्र शिशाचा मऊपणा कामी येत नाही, कारण त्या दाबाला आकार टिकवण्याची ताकद लागतच नाही. पोलादी गाभ्याच्या गोळ्यांचा हिशेब निराळा आहे. त्या वाहून न जाता आपला आकार राखतात आणि कमी वेगालाही खड्डे पाडतात, म्हणून पोलादी लक्ष्यांवर त्यांना बहुतेक मैदानांत बंदी असते. पण ‘निरुपद्रवी’ हा शब्द पाटीपुरताही जपून वापरावा लागतो. सपाट पाटीवर फुटलेल्या गोळीचे तुकडे पाटीच्या पृष्ठभागालगत, उथळ कोनात बाजूला फेकले जातात. खड्डा असलेल्या जागी लागलेल्या गोळीचे तुकडे त्या खड्ड्याच्या आकाराने वळून नेमबाजाच्या दिशेने परत येऊ शकतात. म्हणून पाटी थोडी खाली झुकवून टांगतात, शेजारी उभे राहून पाहणाऱ्यालाही चष्मा सक्तीचा असतो, आणि खड्डे पडलेली पाटी, ती कितीही जाड असली तरी, उतरवून ठेवली जाते.